हाडातील कोलॅजेन बिघडल्यावर हाडाचे बळ किती उरते : प्रकल्प नोंदी

हाडाच्या वजनात सुमारे ६५ टक्के खनिज आणि सुमारे १० टक्के पाणी असते. उरलेला भाग बहुतांशी टाइप १ कोलॅजेन या तंतुमय प्रथिनाचा असतो. घनता तपासणीच्या यंत्राला यांपैकी फक्त खनिज दिसते. माझ्या आत्याचे मनगट साध्या पडण्याने मोडले तेव्हा तिचा घनतेचा अहवाल जवळपास सामान्य होता, आणि ‘मग मोडले कशाने’ या तिच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. एका हाडावरून कारण सांगता येत नाही हे मला ठाऊक आहे. पण खनिज तसेच ठेवून केवळ कोलॅजेन बिघडवले तर हाडाच्या पट्टीचे काय होते, हे स्वतः मोजून पाहावे असे तेव्हापासून मनात होते. मी आणि प्रयोगशाळेतील एक सहकारी असे दोघांनी मिळून हे काम केले. हाच प्रयोग करू पाहणाऱ्याचे आमच्यासारखे आठवडे वाया जाऊ नयेत म्हणून चुकांसकट सगळे लिहून ठेवत आहे.

६ जानेवारी

गुरांच्या मांडीची दोन ताजी हाडे घेतली, मांस आणि वरचे आवरण खरवडून काढले, आणि दोन्ही टोके बाजूला करून मधला नळीसारखा भाग ठेवला. मज्जा काढून भिंतीचे उभे तुकडे पाडायचे आणि त्यांतून हाडाच्या लांबीच्या दिशेने पट्ट्या कापायच्या, असा बेत होता.

पहिल्या दिवसाची चूक पहिल्याच तासात झाली. पाण्याची धार असलेली हिऱ्याच्या पात्याची संथ करवत दुपारपर्यंत दुसऱ्या कामात अडकलेली होती, म्हणून आम्ही साध्या करवतीने कोरडेच कापायला घेतले. तिसऱ्या तुकड्याला जळक्या शिंगासारखा वास आला आणि कापलेल्या कडेवर तपकिरी रेघ उमटली. तो वास म्हणजे जळणारे प्रथिनच. ज्या प्रयोगात उष्णतेने कोलॅजेन बिघडवायचे आहे, त्यातल्या तुलनेच्या पट्ट्याच आम्ही कापताना भाजत होतो. कडा तासून पट्ट्या वाचवता येतील असा विचार एकदा आला, पण उष्णता आत किती शिरली हे कळण्याचा मार्ग नसल्याने त्या दिवसाच्या सगळ्या, म्हणजे अकरा पट्ट्या टाकून दिल्या. दुपारनंतर संथ करवतीवर पाण्याखाली पुन्हा सुरुवात केली. एका पट्टीला आता वीस मिनिटे लागतात, आणि ती वाचवण्यात अर्थ नाही.

कापलेली प्रत्येक पट्टी सलाइनमध्ये भिजवलेल्या गॉजमध्ये गुंडाळून, पिशवीत बंद करून उणे २० अंशांवर ठेवली. अशा गोठवण्याने हाडाच्या यांत्रिक गुणांत फारसा फरक पडत नाही. फॉर्मॅलिन मात्र वापरू नये, कारण ते कोलॅजेनच्या साखळ्यांना एकमेकींशी बांधते आणि मग आपण मोजतो ती वस्तू मूळची राहत नाही.

११ जानेवारी

पट्ट्यांची मापे ठरवण्यात आणखी चार दिवस गेले. पहिल्या पट्ट्या ४ मिमी जाड होत्या आणि आधारांमधले अंतर ३२ मिमी होते, म्हणजे अंतर जाडीच्या फक्त आठपट. तीन बिंदूंवर वाकवल्यावर त्यांचा लवचीकता गुणांक (पदार्थाच्या ताठपणाचे माप) अपेक्षेपेक्षा सतत कमी येत होता, आणि आम्ही दोन दिवस यंत्राला दोष देत बसलो. आखूड आणि जाड पट्टी नुसती वाकत नाही, ती कातरतेही, म्हणजे तिचे थर एकमेकांवर सरकतात. हाडाचा कातर-गुणांक बराच कमी असल्याने एवढ्या गुणोत्तराला मोजलेल्या वाकीत जवळजवळ दहावा हिस्सा कातरण्याचा येतो. जाडी २ मिमी केली आणि गुणोत्तर सोळापटीवर नेले तेव्हा हा हिस्सा दोन-अडीच टक्क्यांवर आला.

अंतिम माप : लांबी ४० मिमी, रुंदी ४ मिमी, जाडी २ मिमी, आधारांमधले अंतर ३२ मिमी. जाडी पाच जागी मायक्रोमीटरने मोजावी. ताणाच्या सूत्रात जाडीचा वर्ग येतो आणि गुणांकाच्या सूत्रात घन येतो, त्यामुळे २ मिमीत ०.०५ मिमीची चूक झाली तरी ताणात ५ टक्के आणि गुणांकात साडेसात टक्के फरक पडतो.

यंत्राच्या स्वतःच्या लवचीकतेसाठी त्याच मापाची पोलादी पट्टी वाकवून दुरुस्ती काढली. शिवाय वाक वरच्या दट्ट्याच्या हालचालीवरून न मोजता पट्टीच्या खालून टेकवलेल्या मापकाने मोजायचे ठरवले. याचा उपयोग पुढे मार्चमध्ये झाला.

१६ जानेवारी

काहीही प्रक्रिया न केलेल्या बारा पट्ट्या मोडल्या. आकडे एवढे विखुरलेले आले की यापुढे कोणताही परिणाम दिसणे अशक्य होते. सर्वांत मजबूत आणि सर्वांत कमजोर पट्टीत जवळजवळ दीडपटीचा फरक होता.

कारणे दोन निघाली. पहिले हे की, पट्ट्या नळीच्या कोणत्या बाजूच्या आहेत हे आम्ही लिहूनच ठेवले नव्हते. गुरांच्या या हाडाच्या पुढच्या भागात विटांच्या बांधकामासारखे थरांचे हाड जास्त असते आणि मागच्या भागात पुन्हा घडलेल्या गोल नलिकांचे हाड जास्त असते. पहिले अधिक ताठ आणि अधिक बळकट, दुसरे तुलनेने कमी. दोन्ही एकाच ढिगात मिसळल्यावर आमचा तुलनेचा गट म्हणजे दोन वेगळ्या पदार्थांची सरासरी झाली होती.

दुसरे कारण ओलाव्याचे. पट्टी यंत्रावर ठेवून आम्ही नोंदी लिहीत बसायचो आणि तेवढ्यात ती सुकायची. सुकलेले हाड जास्त ताठ होते, जास्त भार घेते आणि कमी वाकून मोडते. म्हणजे नुसत्या सुकण्यानेही तोच ठिसूळपणा दिसतो, जो आम्ही कोलॅजेनच्या नासाडीतून शोधत होतो. कोलॅजेनभोवतीचे पाणी गेले की त्याच्या साखळ्या एकमेकींवर सरकेनाशा होतात.

उपाय असे केले. प्रत्येक पट्टी कापतानाच तिच्या शेजारची, त्याच खोलीवरची पट्टी तिची जोडीदार म्हणून ठरवायची. दोघींना एकच क्रमांक आणि अ व ब अशी अक्षरे द्यायची. कोणतीवर प्रक्रिया करायची ते चिठ्ठी उचलून ठरवायचे. आणि निकाल नेहमी जोडीतल्या गुणोत्तरात वाचायचा. चाचणीपूर्वी पट्टी सलाइनमध्ये आणि चाचणीत ओल्या गॉजच्या घडीखाली. सलाइनमध्ये थोडे कॅल्शियम आणि सामू स्थिर ठेवणारे द्रव्य मिसळले, कारण साध्या सलाइनमध्ये हाड काही दिवस पडून राहिले तर खनिज हळूहळू विरघळते आणि ताठपणा कमी होतो. या सगळ्यात उरलेल्या पट्ट्यांपैकी निम्म्या जोडीदाराविना बाद झाल्या. दुसरे हाड मात्र सुरुवातीपासून नीट नकाशा काढून कापले, आणि त्यातून चोवीस जोड्या मिळाल्या.

२४ जानेवारी

कोलॅजेन दोन तऱ्हांनी बिघडते, आणि हे वेगळे ठेवले नाही तर पुढचे काहीच कळत नाही. कोलॅजेनचा रेणू तीन साखळ्यांच्या पिळाचा, सुमारे ३०० नॅनोमीटर लांब आणि दीड नॅनोमीटर जाड असतो. उष्णतेने हा पीळ उलगडतो, पण साखळ्या बहुतांशी अखंड राहतात. विकरांनी किंवा तीव्र अल्कलीने साखळ्याच तुटतात. पहिल्यात वजन फारसे जात नाही. दुसऱ्यात तुकडे धुऊन निघतात. आम्ही उष्णतेपासून सुरुवात केली.

जोडीतली एक पट्टी १६० अंशांच्या भट्टीत एक तास ठेवली, गार केली, आणि ओल्या जोडीदारासोबत मोडली. तापवलेल्या पट्टीने जास्त भार घेतला! सहकाऱ्याला आनंद झाला, मला शंका आली, आणि दुसऱ्या दिवशी कारण लक्षात आले : आम्ही कोरड्या हाडाची ओल्या हाडाशी तुलना केली होती. आठवडाभरापूर्वी स्वतःच लिहून ठेवलेली गोष्ट आम्ही स्वतःच विसरलो. सहा जोड्या गेल्या.

यात आणखी एक बारकावा आहे. पाणी असताना कोलॅजेन कमी तापमानाला उलगडते आणि कोरडे असताना बरेच जास्त तापमान सोसते. खनिज काढून टाकलेल्या ओल्या हाडातले कोलॅजेन ६० अंशांच्या आसपास सैल पडते; खनिजात बंद असलेले त्याहून खूप वर टिकते, कारण भोवतीचे स्फटिक त्याला फुगायला आणि उलगडायला जागाच देत नाहीत. म्हणून एक पट्टी ओली आणि दुसरी अर्धवट सुकलेली भट्टीत गेली, तर एकाच तापमानाला दोघींचे नुकसान वेगळे होते. आता सर्व पट्ट्या, जोडीदारासकट, आधी ३७ अंशांवर २४ तास सुकवायच्या. मग एकीला तापवायचे. मग दोघींना ४८ तास सलाइनमध्ये परत भिजवायचे. सुकणे आणि भिजणे दोघींच्या वाट्याला सारखे आले की फरक उरतो तो फक्त उष्णतेचा.

३१ जानेवारी

भट्टीच्या तबकडीवर विश्वास ठेवू नये. पट्टीशेजारी तापयुग्म (तापमान मोजणारी तारांची जोडी) बांधून पाहिले तर तबकडी १६० दाखवत असताना मागच्या भिंतीजवळ १७१ आणि दाराजवळ १५२ भरले. कोलॅजेनसाठी हा फरक मोठा आहे. जाड ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यात खाचा करून पट्ट्या त्यांत उभ्या ठेवल्या, ठोकळा आधी दोन तास तापवला, आणि मग सर्व खाचांमधला फरक २ अंशांच्या आत आला. या ठोकळ्यावर एक पूर्ण दिवस गेला, पण पुढच्या प्रत्येक आकड्याचा भरवसा त्याच्यावर होता.

५ फेब्रुवारी

१२०, १६० आणि २०० अंश, प्रत्येकी चार जोड्या. या वेळी आकडे वाचता आले.

लवचीकता गुणांक तिन्ही गटांत जोडीदाराच्या जवळच राहिला. १२० ला काहीच सांगण्यासारखे नाही. १६० ला गुणांक जवळपास तोच, कमाल भार थोडा कमी, पण मोडेपर्यंत पट्टीने शोषलेली ऊर्जा, म्हणजे भार आणि वाक यांच्या आलेखाखालचे क्षेत्र, जोडीदाराच्या निम्म्याजवळ. २०० ला कमाल भारही बराच उतरला आणि क्षेत्र चौथ्या हिश्श्याखाली गेले. पट्टीचा रंग फिकट तपकिरी झाला होता. खनिजाचे वजन, नंतर एक तुकडा जाळून पाहिले तेव्हा, जोडीदाराइतकेच भरले.

आलेख शेजारी ठेवून पाहिले की सगळे डोळ्यांपुढे येते. सुरुवातीची चढण दोघींची एकमेकींवर बसते. तिथे खनिजाचा ताठपणा काम करत असतो आणि कोलॅजेनचे नुकसान त्यात दिसत नाही. मग निरोगी पट्टीचा आलेख वळतो, सपाट होत जातो, ६५ न्यूटनच्या आसपास रेंगाळतो आणि पट्टी वाकत राहते. तापवलेल्या पट्टीचा आलेख वळायच्या आधीच तुटतो. कोलॅजेनचे काम त्या सपाट भागात आहे, आणि फक्त गुणांक मोजणाऱ्याला ही पट्टी निरोगीच वाटली असती.

याच दिवशी एक चूक सापडली. भार कमालीपेक्षा १० टक्क्यांनी उतरला की यंत्र थांबावे अशी मांडणी आम्ही केली होती. २०० अंशांच्या पट्टीला त्याने फरक पडत नाही. ती एका क्षणात दोन तुकडे होते. पण निरोगी ओल्या पट्टीत भेग हळू चालते, आडवी वळते, अडकते, आणि पट्टी उतरत्या भारावर बराच वेळ तग धरते. ते सगळे शेपूट आम्ही कापून टाकत होतो. म्हणजे निरोगी हाडाचा चिवटपणा आम्ही कमी मोजत होतो आणि खरा फरक लहान दाखवत होतो. आता मर्यादा ९० टक्के उतारावर नेली आहे. आधीचे आकडे दुरुस्त करता येत नाहीत, म्हणून १६० आणि २०० च्या दोन-दोन जोड्या पुन्हा कराव्या लागल्या. अपेक्षेप्रमाणे दरी आणखी रुंदावली.

१२ फेब्रुवारी

आता साखळ्या तोडायच्या. जिवाणूपासून मिळणारे कोलॅजिनेज विकर घेतले, पट्ट्या त्यात ३७ अंशांवर सात दिवस ठेवल्या, द्रावण दर दोन दिवसांनी बदलले. आठव्या दिवशी पट्ट्या मोडल्या तर जोडीदारात आणि त्यांच्यात काहीही फरक नाही.

कारणे शोधताना आधी एक बाळबोध चूक निघाली. जंतू वाढू नयेत आणि इतर विकरे दबावीत म्हणून आम्ही द्रावणात थोडे ईडीटीए (धातूंचे आयन बांधून घेणारे रसायन) टाकले होते. हे विकर जस्तावर चालते आणि त्याला कॅल्शियम लागते. ईडीटीए दोन्ही ओढून घेते. आम्ही विकर घातले आणि त्याच बाटलीत ते बंद पाडले. दुसऱ्या वेळी ट्रिस (सामू स्थिर ठेवणारे द्रव्य) आणि कॅल्शियम क्लोराइडचे द्रावण वापरले (फॉस्फेटचे वापरले तर कॅल्शियम साक्यासारखे खाली बसते) आणि खनिज काढलेल्या हाडाच्या एका कपच्यावर विकर चालते हे आधी तपासले. कपचा एका रात्रीत विरघळला. अखंड पट्टीवर मात्र आणखी सात दिवसांनंतरही परिणाम शून्य.

म्हणजे विकर ठीक होते, पण हाड त्याला आत घेत नव्हते. विकराचा रेणू मोठा, आणि खनिजाने भरलेल्या तंतूत एवढ्या मोठ्या रेणूला शिरायला फट नसते. हे वाचलेले होते, पण दोन आठवडे घालवल्यावर पटले. शरीरातही हाड खाणाऱ्या पेशी आधी आम्ल सोडून खनिज विरघळवतात आणि मगच कॅथेप्सिन के नावाचे विकर उघड्या पडलेल्या कोलॅजेनला तोडते. आम्ही पहिली पायरी गाळून दुसरीवर उडी मारली होती. अखंड हाडावर विकर ओतून कोलॅजेन कमी होईल अशी आशा कोणी करू नये.

२० फेब्रुवारी ते ६ मार्च

लहान रेणूकडे वळलो : पोटॅशियम हायड्रॉक्साइड, १ मोलर, खोलीच्या तापमानाला, १४ दिवस. ते हाडात शिरते, कोलॅजेन तोडते आणि खनिजाला फारसे लागत नाही. चष्मा आणि हातमोजे सक्तीचे. एक थेंब मनगटावर पडला तर आधी काहीच जाणवले नाही आणि मग त्वचा साबणासारखी बुळबुळीत लागली. हे त्वचेतले प्रथिन आणि चरबी विरघळण्याचे लक्षण, तेव्हा थांबून पंधरा मिनिटे नळाखाली हात धरला.

पहिल्या चार पट्ट्या धुण्यात बिघडल्या. वरवर धुऊन सलाइनमध्ये ठेवल्या आणि दुसऱ्या दिवशी सामू पाहिला तर अजून ११ होता, म्हणजे अल्कली आतून झिरपत होती आणि चाचणी होईपर्यंत कोलॅजेन तोडत होती. आता पाणी दर काही तासांनी बदलून तीन दिवस धुतो आणि सामू लागोपाठ दोनदा सात भरला की थांबतो.

मग निकाल आले आणि ते उष्णतेच्या निकालांशी जुळेनात. इथे बळ तर उतरलेच, पण ताठपणाही जवळजवळ निम्मा झाला. सहकाऱ्याचे म्हणणे असे पडले की साखळ्या तुटल्या की ताठपणा जातो आणि नुसता पीळ सुटला तर जात नाही. वाक्य ऐकायला चांगले होते आणि मीही ते वहीत जवळजवळ लिहून टाकले होते.

मोडलेल्या पट्टीचे टोक भिंगाखाली धरले म्हणून वाचलो. कडेने सगळीकडे एक पांढुरकी, खडूसारखी चौकट होती, सुमारे ०.२ मिमी जाड. नखाने ओढले की तिची भुकटी निघत होती. आतला गाभा मात्र ताज्या हाडासारखा पिवळसर आणि घट्ट होता. अल्कली बाहेरून आत सरकत होती आणि १४ दिवसांत एवढीच पोहोचली होती. आता हिशेब सोपा. दोन्ही बाजूंनी ०.२ मिमी थर निकामी झाला तर २ मिमी जाडीतून कामाची १.६ मिमी उरते, ४ मिमी रुंदीतून ३.६ मिमी उरते. ताठपणा जाडीच्या घनावर चालतो, म्हणून तो मूळच्या सुमारे ४६ टक्के उरायला हवा. आम्ही मोजलेला जवळपास तेवढाच होता. पदार्थ बदलला नव्हता, पट्टी बारीक झाली होती. वाकवताना सर्वांत जास्त ताण पृष्ठभागावर येतो, त्यामुळे नेमका खराब झालेलाच थर या चाचणीत सर्वांत महत्त्वाचा ठरतो.

खात्री करण्यासाठी उरलेल्या तीन पट्ट्यांची पांढरी चौकट पाण्याखाली घासून काढली, गाभ्याची नवी मापे घेतली आणि मोडल्या. गुणांक जोडीदाराच्या जवळ परत आला. खालून मोजलेली वाक इथे उपयोगी पडली, कारण न घासलेल्या पट्ट्यांत वरचा दट्ट्या मऊ थरात रुतत होता आणि वरून मोजले असते तर ते रुतणेही वाकीत धरले गेले असते. अल्कलीची पद्धत वापरायची असेल तर मोडलेला छेद पाहिल्याशिवाय एकही आकडा लिहू नये.

११ मार्च

उष्णतेच्या पट्ट्यांत कोलॅजेन खरोखर किती उलगडले हे मोजणे बाकी होते. कायमोट्रिप्सिन विकर शाबूत पिळाला हात लावत नाही, फक्त उलगडलेला भाग तोडते. सुटलेले तुकडे आणि उरलेले हाड वेगवेगळे घेऊन सहा मोलर हायड्रोक्लोरिक आम्लात ११० अंशांवर रात्रभर उकळायचे, आणि दोन्हींतले हायड्रॉक्सिप्रोलिन रंगावरून, ५६० नॅनोमीटरला, मोजायचे. हे अमिनो आम्ल कोलॅजेनमध्ये भरपूर आणि इतर बहुतेक प्रथिनांत जवळजवळ नसते, म्हणून ते कोलॅजेनची खूण ठरते.

तुलनेच्या पट्टीतच उलगडलेले कोलॅजेन बरेच आले. पुन्हा तीच जुनी चूक, नव्या ठिकाणी : पट्टीची पूड करताना दळणयंत्राचे भांडे हाताला चटका बसेल इतके तापत होते. द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून, दहा-दहा सेकंदांच्या टप्प्यांत दळल्यावर तो आकडा अगदी लहान झाला.

दुसरी चूक जास्त खोल होती. विकराला आत जाता यावे म्हणून पुडीतले खनिज आधी ईडीटीएने काढावे लागते, आणि ते द्रावण आम्ही ओतून देत होतो. २०० अंशांच्या पट्टीत एकूण कोलॅजेनच कमी भरू लागले तेव्हा शंका आली. खनिजाचा आधार सुटला की उलगडलेले कोलॅजेन जिलेटिनसारखे द्रावणातच उतरते. म्हणजे जे मोजायचे तेच आम्ही मोरीत सोडत होतो. ओतायचे द्रावण राखून मोजले (ईडीटीए रंगाच्या क्रियेत अडथळा आणते, म्हणून तुलनेची मानके त्याच द्रावणात बनवावी लागली) आणि बेरीज जुळली. उलगडलेला हिस्सा १२० ला किंचित, १६० ला ठळक, २०० ला सर्वांत जास्त. आणि जोड्यांतली शोषलेल्या ऊर्जेची घट त्याच क्रमाने चालली.

१९ मार्च

मोडलेले छेद दहापट भिंगाखाली पुन्हा पाहिले. निरोगी ओल्या पट्टीचा छेद पायऱ्यापायऱ्यांचा, दाते निघालेला, ओल्या लाकडाची फांदी पिळून मोडल्यासारखा; तो मोडताना यंत्राजवळ बारीक चर्र असा आवाज येतो आणि काही सेकंद चालू राहतो. २०० अंशांच्या पट्टीचा छेद सपाट, बोट फिरवले तर गुळगुळीत, आणि आवाज एकच, टक असा. हा फरक दाखवायला आलेखाचीही गरज पडत नाही. आत्याला दोन्ही तुकडे दाखवले. तिने ते बराच वेळ बोटांत फिरवले आणि कोणता कुठला हे न सांगता ओळखले.

२७ मार्च

शेवटचे काम कोलॅजेनच्या जाळ्याचे एकट्याचे होते. उरलेल्या पट्ट्यांतून अर्धा मिमी जाडीचे काप काढले, ४ अंशांवर ईडीटीएमध्ये ठेवून खनिज पूर्ण काढले (तीन आठवडे लागतील असे वाटले होते, काप पातळ असल्याने एका आठवड्यात झाले, क्ष-किरण चित्रात काहीच उमटले नाही तेव्हा थांबलो), आणि ओढून तोडले.

तुलनेचा काप चामड्याच्या वादीसारखा निघाला. त्याची गाठ मारता येत होती आणि सोडल्यावर तो पुन्हा सरळ होत होता. १६० अंशांचा काप गाठ मारताना वळणावर चिरला. २०० चा चिमट्याने उचलतानाच भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा सुटून आला, त्यामुळे त्याचा ओढ-आकडा मिळालाच नाही. याच पट्ट्यांचा ताठपणा खनिज असताना जोडीदाराइतका होता.

कोलॅजिनेजही आता चालले. तुलनेचे काप विकरात एक, दोन आणि चार तास ठेवून ओढले. तुटण्याचा भार प्रत्येक टप्प्याला उतरत गेला आणि चौथ्या तासाच्या दोन कापांपैकी एक पकडीत घट्ट करतानाच तुटला. पकडीत वाळूकागदाचा तुकडा ठेवला की काप निसटत नाही, पण पकड जास्त आवळली तर तो तिथेच कापला जातो. असे तीन काप गेल्यावर पकडीचा दाब मोजून एकसारखा ठेवला. फ्रीझरमध्ये जोडी क्रमांक १७ आणि २२ शिल्लक आहेत. त्यांना खाच पाडून भेग हळू चालवायची आणि भेगेच्या मागे न तुटलेले तंतू किती दूरपर्यंत पूल धरून राहतात हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे आहे. १७ ब ला १६० अंश, २२ अ ला २०० अंश अशा चिठ्ठ्या निघाल्या आहेत, आणि चौघीही आज सकाळी ३७ अंशांवर सुकायला ठेवल्या.